हिरव्या रेषेची मोजपट्टी

ग्रहीय अभ्रिकेचा ग्रहाशी काडीचाही संबंध नाही. १७८०च्या दशकात विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून काही धूसर, वाटोळ्या तबकड्या दिसल्या, ग्रहासारख्या. नाव चिकटले ते कायमचे. प्रत्यक्षात तो अखेरच्या टप्प्यातल्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू.

२९ ऑगस्ट १८६४ला विल्यम हगिन्स यांनी अशा एका अभ्रिकेकडे वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारे उपकरण) रोखला. ताऱ्याचा असतो तसा सप्तरंगी पट्टा दिसलाच नाही. होत्या मोजक्या झगझगीत रेषा, त्यातली एक हिरवी सर्वांत ठळक. ती कोणत्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्यच कल्पून झाले. १९२७मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: हा तर आपला ऑक्सिजन, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला.

दीर्घिकांची अंतरे मोजण्याच्या कामी आली ती हीच ५००.७ नॅनोमीटरची रेषा. मधल्या ताऱ्याच्या ऊर्जेचा दहाव्या हिश्शापर्यंतचा भाग या एका रंगात बाहेर पडू शकतो. मग दीर्घिकेचे दोन फोटो घ्यायचे: एक फक्त या रंगाला वाट देणाऱ्या अरुंद फिल्टरमधून, दुसरा शेजारच्या रंगात. पहिल्यात ठिपका आहे आणि दुसऱ्यात गायब, की समजायचे, सापडली!

वॉल्टर बाडे यांनी १९५५मध्ये देवयानी दीर्घिकेत अशा पाच नोंदवल्या. पण सुट्या अभ्रिकेवरून अंतर काढता येत नाही, कारण कुणी तेजस्वी तर कुणी मंद. १९८९मध्ये जॉर्ज जॅकोबी, रॉबिन सियार्डुलो, हॉलंड फोर्ड आणि सहकाऱ्यांनी त्यांची तेजस्वितेनुसार मोजदाद केली, तेव्हा दिसले की एका ठरावीक तेजापलीकडे संख्या एकदम तुटते. ही मर्यादा निरनिराळ्या दीर्घिकांत जवळपास सारखीच. देवयानीच्या आधीच माहीत असलेल्या अंतरावरून तिचे खरे तेज ठरले. दुसरीकडे ती किती मंद दिसते, त्यावरून अंतर. लवकरच कन्या दीर्घिकासमूहापर्यंत, म्हणजे सुमारे ५ कोटी प्रकाशवर्षांपर्यंत, मजल गेली.

गंमत म्हणजे हे असे का चालते, ते कुणालाच नीट सांगता येईना. लंबवर्तुळाकार दीर्घिकांतले तारे म्हातारे, हलके. त्यांच्या अभ्रिका मंदच असायला हव्यात, पण मर्यादा तिथेही जवळपास तीच. २०१८मध्ये गेसिकी, झाइलस्ट्रा आणि मिलर बर्टोलामी यांनी नव्या प्रारूपांतून सूर्यासारख्या ताऱ्यांचे अवशेषही पुरेसे तळपतात असे दाखवले आणि कोडे बरेचसे सैल झाले. अतिवृद्ध ताऱ्यांचा प्रश्न मात्र उरलाच.