पुन्हा पोफळी लावायच्या की कॉटेज बांधायचं?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर गाव कसं असेल, याचा प्रत्येक घरचा हिशेब निराळा. बैठकीत मग वाद होतो तो झाडांवरून, आणि मनातला हिशेब मनातच राहतो.

तो बाहेर काढायची एक पद्धत आहे, सिनॅरिओ प्लॅनिंग, म्हणजे भविष्याच्या वेगवेगळ्या शक्य कथा रचून त्यांत आजचे निर्णय तपासणं. शेल या तेल कंपनीत पिएर वॅक यांनी १९७० च्या दशकात ती रुजवली. पण गावाला जवळचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. १९९१-९२ मध्ये वर्णभेदी राजवट मावळत असताना माँ फ्लर इथे एकमेकांचे कट्टर विरोधक एकत्र बसले आणि त्यांनी देशाच्या भविष्याच्या चार कथा रचल्या. त्यांतल्या ‘इकारस’ कथेत नवं लोकप्रिय सरकार वारेमाप खर्च करतं आणि अर्थव्यवस्था कोसळते. सत्तेच्या उंबरठ्यावरच्या डाव्या नेत्यांपुढे ही शक्यता एरवी मांडली असती, तर तो त्यांच्यावरचा आरोप ठरला असता.

आपल्याकडे सुरुवात ठरलेल्या गोष्टींपासून करावी. समुद्र चढतोय: १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, पुढेही वाढणार. यावर मतदान नको. मग खरोखर अनिश्चित असे दोन प्रश्न घ्यावेत. तरुण गावात राहतील का? पर्यटक येत राहतील का? दोन्हींची हो-नाही उत्तरं जुळवली की चार गावं तयार होतात.

समजा, पर्यटक आले आणि तरुण गेले. २०४० साली वाड्या मुंबई-पुण्याच्या मालकांच्या, गावकरी त्यांचे राखणदार, आणि मे महिन्यात विहिरींवर ताण. हे चित्र जमीन विकणाऱ्यालाही खटकतं, आणि कोणी त्याच्याकडे बोट दाखवलेलं नसतं.

यानंतर प्रत्येक निर्णय चारही गावांत तपासायचा. एकाच जातीची झाडं लावणं कुठे अंगाशी येईल? खाडीकाठची कांदळवनं राखणं मात्र चारही ठिकाणी कामाचं, कारण लाटांचा जोर ती सगळीकडेच मोडतात.

खरी अडचण बैठकीच्या तारखेची. गणपतीत चाकरमानी येतात, पण आरत्यांतून उसंत नसते. जून-जुलैत मासेमारी बंद, तर तेव्हा भातलावणी. मला मे महिना बरा वाटतो, आणि वेळ दुपारची, मासळी विकून कोळणी घरी परतल्यानंतरची.