कालसंवेदन

घड्याळाने मोजलेला काळ आणि मनाला जाणवलेला काळ सहसा जुळत नाहीत. ही जाणीव कशी घडते, याचा अभ्यास कालसंवेदन या विषयात होतो. काळासाठी शरीरात वेगळे ज्ञानेंद्रिय नाही. मेंदू इतर खुणांवरून त्याचा अंदाज बांधतो. छोटे कालावधी लोक वाढवून सांगतात आणि मोठे कमी करून, हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल फिअरॉर्ट यांनी १८६८ मध्ये नोंदवले.

या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग फ्रेंच भूवैज्ञानिक मीशेल सीफ्र यांनी १९६२ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, स्वतःवरच केला. आल्प्समधील स्कारासोन येथे, जमिनीखाली सुमारे १३० मीटरवर असलेल्या हिमनदीपाशी ते दोन महिने घड्याळाविना एकटे राहिले. उठल्यावर, जेवताना आणि झोपण्यापूर्वी ते फोनवरून वर कळवत. वरच्या मंडळींनी मात्र वेळेबद्दल अवाक्षरही काढायचे नाही आणि आपणहून फोन करायचा नाही, असे ठरले होते. फोनवरच ते सेकंदाला एक या अंदाजाने १२० पर्यंत आकडे मोजत. या दोन मिनिटांच्या मोजणीला प्रत्यक्षात पाच मिनिटे लागली. १४ सप्टेंबरला मुदत संपली, तेव्हा त्यांच्या हिशेबाने २० ऑगस्टच उजाडला होता.

या प्रयोगाचे खरे मोल त्या चुकलेल्या २५ दिवसांत नाही. मनाचा हिशेब इतका कोलमडला असतानाही त्यांचे झोपणे-उठणे सुमारे साडेचोवीस तासांच्या चक्रात नियमित चालू होते. म्हणजे शरीराची लय आणि काळाची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. जाणिवेला आठवणींचा आधार लागतो. अंधारात, गारठ्यात एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा आठवत नसेल, तर मागे वळून पाहताना काळ आखडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच म्हटले होते की घटनांनी भरलेला काळ सरताना लहान आणि आठवताना मोठा वाटतो.

माणूस एकच असल्याने या निरीक्षणांवरून सरसकट नियम काढता येत नाही. स्वतः सीफ्र १९७२ मध्ये टेक्सासमधील मिडनाइट गुहेत सहा महिन्यांहून अधिक काळ राहिले, तेव्हा शरीराची लयही अधूनमधून ढळली. झोप आणि जाग मिळून काही ‘दिवस’ तब्बल ४८ तासांचे झाले, आणि ते नेहमीच्या दिवसांपेक्षा लांब आहेत हे त्यांना कळलेही नाही.