घड्याळ ठोके मोजतं की पावलं?

गेल्या पावसाळ्यात टेकडी उतरताना सहज घड्याळ पाहिलं, तर नाडी १७८! दम लागलेला नव्हता, सोबतच्याशी गप्पा चालल्या होत्या. थांबलो, मानेला दोन बोटं लावली आणि १५ सेकंद मोजले. ३१ ठोके, म्हणजे मिनिटाला १२४. मग १७८ आले कुठून? माझ्या पावलांमधून.

घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात क्षणभर जास्त रक्त येतं आणि परतणारा प्रकाश तेवढा कमी होतो. हे चढउतार मोजले की झाला हार्ट रेट. पण धावताना हात हलतो, पट्टा सैल असेल तर घड्याळही डुगडुगतं. धावणाऱ्याची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात, आणि जोरात पळताना हृदयाचे ठोकेही साधारण तेवढेच असतात. अशा वेळी यंत्र हृदय सोडून पायांचा ताल धरतं. भजनात पखवाज सोडून शेजारच्याच्या टाळ्या धराव्यात तसं.

छातीचा पट्टा प्रकाशाच्या भानगडीत पडत नाही. तो थेट हृदयातली वीज टिपतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने असा बिनतारी मॉनिटर १९८२ मध्येच आणला होता. फक्त घालण्याआधी त्याची आतली बाजू पाण्याने ओली करायची, नाहीतर घाम फुटेपर्यंत आकडे वाट्टेल तसे नाचतात.

तरी हे सगळं मोजणीपुरतं. मैदानावर जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा हृदयाची लय बिघडल्याने. ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख, काढणारी घड्याळं आहेत, पण त्यासाठी दुसऱ्या हाताचं बोट लावून अर्धा मिनिट स्वस्थ बसावं लागतं. खेळता खेळता हे कसं जमणार?

१२ जून २०२१. कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामन्याचा पूर्वार्ध संपत आला असताना डेन्मार्कचा खेळाडू ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला. हृदय बंद पडलं होतं. छाती दाबणारे हात आणि डिफिब्रिलेटर या यंत्राचा विजेचा झटका, यांनी तो वाचला. पुढे त्याच्या शरीरात आयसीडी, म्हणजे छोटा डिफिब्रिलेटरच, बसवलं. हे यंत्र प्रत्येक ठोक्यावर नजर ठेवतं आणि लय जीवघेणी बिघडली तर आतूनच झटका देतं. इटलीच्या नियमांत असं यंत्र घेऊन खेळणं बसत नव्हतं, म्हणून त्याचा तिथला क्लब इंटर मिलान सुटला. इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबने त्याला घेतलं आणि २६ फेब्रुवारी २०२२ ला तो पुन्हा मैदानात उतरला.