फ्रेंच प्रेस

कॉफीची भरड पूड गरम पाण्यात ठरावीक वेळ भिजत ठेवून, नंतर जाळीच्या दट्ट्याने तिचा चोथा खाली सारून कॉफी वेगळी करण्याचे भांडे. ब्रिटनमध्ये त्याला ‘कॅफेतिएर’, तर ऑस्ट्रेलियात ‘प्लंजर’ म्हणतात. उभट काचेचे किंवा पोलादी भांडे, झाकण, झाकणातून वरखाली सरकणारा दांडा आणि त्याच्या टोकाची जाळी एवढेच त्याचे भाग. वीज, कागदी गाळणी किंवा वाफेचा दाब यांची त्याला गरज नसते.

उगम : या भांड्याच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. पॅरिसमधील मेयर व देल्फोर्ज यांनी १८५२ मध्ये घेतलेल्या पेटंटात भोके पाडलेली पत्र्याची चकती, तिच्या दोन्ही अंगांना फ्लॅनेलचे थर आणि ती नळकांड्याच्या आकाराच्या भांड्यात हाताने खाली ढकलण्यासाठी दांडा, अशी रचना आढळते. दुसरा पक्ष इटलीचा आहे. मिलानचे अत्तीलिओ कालिमानी आणि ज्यूलिओ मोनेता यांच्या पेटंटाचे साल काही ठिकाणी १९२८, तर काही ठिकाणी १९२९ दिले जाते; अर्ज आणि नोंदणी यांच्या तारखांची सरमिसळ हे त्याचे कारण असावे. याच रचनेचे अमेरिकी पेटंट १९३१ चे आहे. मूळ कल्पना उगो पाओलिनी यांची असून, टोमॅटोचा रस वेगळा करण्याच्या साधनावरून त्यांना ती सुचली व पुढे त्यांनी आपले हक्क या दोघांना दिले, असेही म्हटले जाते. यानंतरचा टप्पा फालिएरो बोंदानिनी यांचा. त्यांनी १९५८ मध्ये आपल्या सुधारित रचनेचे पेटंट घेतले आणि फ्रान्समधील मार्तां या क्लॅरिनेट बनवणाऱ्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू केले. हे भांडे फ्रान्समध्ये घरोघरी पोहोचले ते त्यानंतर. डेन्मार्कच्या बोडम कंपनीने १९७४ मध्ये ‘बिस्ट्रो’ हा आपला नमुना बाजारात आणला.

दांडा आणि सच्छिद्र चकती हेच या साधनाचे सार मानले, तर १८५२ ची नोंद पुरेशी ठरते. मात्र कापड काढून टाकून धातूच्या जाळीवर भिस्त ठेवायची, तर जाळीची कड भांड्याला सर्व बाजूंनी घट्ट टेकावी लागते. नाहीतर चोथा कडेने निसटून वर येतो. आजच्या दट्ट्यात तळाला आधाराची चकती, तिच्यावर बारीक तारांची जाळी आणि त्यावर कडेला स्प्रिंग असलेली दुसरी चकती असते. जाळीची कड भांड्याला टेकवून धरण्याचे काम ही स्प्रिंग करते. म्हणून तत्त्वाचा मान फ्रेंचांना आणि आजच्या घडणीचा इटालियनांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. पाणी उकळल्यावर पूड टाकायची राहिली, ती तरंगू लागली आणि कोणीतरी जाळीने खाली दाबली, ही लोकप्रिय गोष्ट पुराव्यात धरण्याजोगी नाही.

कार्य : गाळणीच्या पद्धतीत पाणी पुडीतून वाहून जाते; येथे पूड आणि पाणी अखेरपर्यंत एकत्र राहतात. आम्ले व कॅफीन लवकर उतरतात, कडू आणि तुरट घटक सावकाश. पाण्यातील विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण वाढत जाते तसा अर्क उतरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे एखाद-दोन मिनिटांची चूक येथे फारशी बाधत नाही, दळणाची चूक मात्र बाधते. पूड साधारण एक मिलिमीटरच्या आसपास भरड आणि शक्य तितकी एकसारखी असावी. पात्याच्या ग्राइंडरमध्ये मोठे तुकडे आणि पिठासारखी भुकटी एकाच वेळी तयार होते. तुकडे अळणी राहतात, भुकटी कडवटपणा देते आणि जाळीतून कपात उतरते. या कामासाठी चक्कीचा ग्राइंडर निःसंशय सरस.

एक लिटर पाण्याला ६० ते ७० ग्रॅम पूड आणि ९२ ते ९६ अंश सेल्सिअस तापमान हे रूढ प्रमाण आहे. भांडे आधी गरम पाण्याने विसळून घेतल्यास उष्णता टिकते. पाणी ओतताच ताज्या भाजणीच्या पुडीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, फेस येतो आणि पुडीचा जाड थर वर तरंगतो. चार मिनिटांनी हा थर चमच्याने हलकेच मोडला की बहुतेक पूड तळाशी बसू लागते. उरलेला फेस व कण काढून टाकून आणखी पाच-सहा मिनिटे थांबल्यास बारीक गाळही खाली बसतो. चार मिनिटे होताच दट्ट्या तळापर्यंत दाबण्याची सूचना जवळपास सर्वत्र छापलेली असते. तसे केल्याने बसलेला गाळ पुन्हा ढवळला जातो. दट्ट्या कॉफीच्या पृष्ठभागालगत ठेवून सावकाश ओतणे आणि तळाची थोडी कॉफी भांड्यातच सोडणे हा त्याहून चांगला मार्ग. दट्ट्या जड जाऊ लागला तर दळण फार बारीक झाले असे समजावे. जोर लावू नये. गरम कॉफी उसळते आणि काच तडकू शकते.

चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून ३० ग्रॅम पूड व ५०० मिलिलिटर पाणी घेतल्यास हाती सुमारे ४४० मिलिलिटर कॉफी येते. दट्ट्या खाली नेला तरी चोथा आणि कॉफी यांचा संपर्क तुटत नाही. उरलेली कॉफी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी.

आरोग्य : धातूच्या जाळीतून कॉफीतील तेल कपात उतरते. या पद्धतीची दाट चव त्याचीच, पण त्याबरोबर कॅफेस्टॉल व काह्वेओल ही द्रव्येही येतात. कॉफीचा रक्तातील कोलेस्टेरॉलशी असलेला संबंध नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील पाहणीतून १९८३ मध्ये पुढे आला; तो मुख्यतः न गाळलेल्या, उकळलेल्या कॉफीचा असल्याचे नंतर दिसून आले. पुढे नेदरलँड्समधील संशोधनात या दोन द्रव्यांवर, मुख्यतः कॅफेस्टॉलवर, बोट ठेवले गेले. कागदी गाळणी त्यांचा बहुतांश भाग अडवते. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी रोजच्या कॉफीसाठी कागदी गाळणी वापरणे इष्ट.

निगा : तेल जाळीच्या विणीत अडकून खवट होते. दट्ट्या दर वेळी नुसता विसळून भागत नाही. दांडा फिरवून चकत्या सुट्या कराव्यात आणि जाळी साबणाने धुवावी. कड वाकलेली किंवा तारा सुटलेली जाळी बदलावी. हेच भांडे चहासाठी आणि गार पाण्यात रात्रभर भिजवलेल्या कॉफीसाठीही वापरले जाते.