मांजराच्या पिल्लाचा आहार : खान्देशातील निवड

घरी नव्याने आणलेल्या मांजराच्या पिल्लाला वय पाहून काय खाऊ घालावे, किती आणि दिवसातून कितीदा, याची निवड. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत पिल्लू सहसा विकत घेतले जात नाही. ते शेजारच्या गोठ्यातून, चाऱ्याच्या गंजीमागून, कपाशीच्या ढिगातून नाहीतर रस्त्याच्या कडेवरून घरात येते. आल्याबरोबर त्याच्यापुढे बशीभर दूध ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्या दुधात पोळी कुस्करली जाते. बहुतेक घरांत आहाराचा विचार तिथेच संपतो.

या रिवाजाचे मूळ गावातल्या जुन्या घरात आहे. धाब्याच्या घरात दादर ज्वारीची कोठी असे, कोठीला उंदीर असत आणि उंदरांसाठी मांजर असे. धार काढताना तिला वाटीभर दूध मिळे. तेवढेच माणसांच्या डोळ्यांसमोर घडत असल्याने मांजर दुधावर जगते अशी समजूत झाली. ‘शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले’ म्हणणाऱ्या भाषेने ती आणखी घट्ट केली. प्रत्यक्षात तिचे पोट रात्री कोठीमागे भरत होते. अख्खा उंदीर म्हणजे मांस, काळीज, हाडांतले कॅल्शियम आणि वजनाच्या निम्म्याहून बरेच अधिक पाणी. दूध हा वरचा खाऊ होता. धुळ्या-जळगावच्या फ्लॅटमध्ये आलेल्या पिल्लाच्या वाट्याला उंदीर येत नाही, नुसता वरचा खाऊ उरतो. पिल्लू खाताना दिसते, पोटही टम्म दिसते, पण अंग धरत नाही.

मांजर पक्के मांसाहारी आहे. कुत्रा भाकरी-वरणावर बऱ्यापैकी निभावून नेतो. मांजराला ती सोय नाही. टॉरिन हे अमिनो आम्ल तिच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसतेच. गाजरातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवणे तिला जमत नाही, ॲराकिडोनिक आम्ल हे मेदाम्लही प्राणिज चरबीतूनच मिळवावे लागते. टॉरिन कमी पडले तर डोळ्याचा पडदा झिजतो, हे 1975 च्या सुमारास कळले. 1987 साली कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकांनी मांजरांच्या हृदयाचे स्नायू फुगून सैल पडण्याचा आजारही याच कमतरतेशी जोडून दाखवला. त्यानंतर तयार खाद्यांतले टॉरिन वाढवण्यात आले. मांजराला गोड चव लागत नाही, कारण तो स्वाद ओळखणारे एक जनुक तिच्यात निकामी आहे. हे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा पुरणाच्या मांड्यावर झडप घालणारे पिल्लू गोडाचे शौकीन नसते, त्याला तूप हवे असते. केळ्याच्या मुलखात राहूनही मांजर केळ्याकडे ढुंकून पाहत नाही, तेही यामुळेच.

दुधाचे त्रांगडे दुग्धशर्करेचे आहे. आईचे दूध सुटू लागले की ती पचवणारे विकर पिल्लाच्या आतड्यात कमी होत जाते, मग गायीचे दूध पोटात आंबते आणि हगवण लागते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळपास दुप्पट, म्हणून ते आणखी जड. पाणी घालून पातळ केले की दूध बाधत नाही असे घरोघरी सांगतात. त्याने शर्करा विरळ होते खरी, पण प्रथिनेही तितकीच विरळ होतात आणि मांजरीच्या दुधात ती गायीच्या दुधापेक्षा बरीच जास्त असतात. एखादे पिल्लू दूध पिऊन ठणठणीत राहतेही. त्याला चमचा-दोन चमचे दिल्याने बिघडत नाही, मात्र ते जेवण समजू नये.

निवड करण्याआधी वय ठरवावे लागते आणि ते दातांवरून बरे कळते. डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुढचे दुधाचे दात फुटतात आणि दोन महिन्यांच्या आत सगळे 26 दुधाचे दात येतात. जन्मावेळी पिल्लू 100 ग्रॅमच्या आसपास असते आणि नीट पोसले तर आठवड्याला सुमारे 100 ग्रॅमने वाढते. किराण्यातला छोटा काटा इथे कोणत्याही अंदाजापेक्षा उपयोगी. वजन दोन दिवस जागचे हलले नाही तर काहीतरी चुकते आहे असे धरावे.

दात न आलेले, आईविना सापडलेले पिल्लू ही वेगळी गोष्ट आहे. त्याला आधी ऊब द्यायची, मग अन्न. थंडगार अंगाच्या पिल्लाला दूध पचत नाही आणि ते ठसक्याने फुफ्फुसात जाण्याची भीती असते. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध-भुकटी औषध दुकानात किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. ती पाण्यात कालवून, कोमट करून, पिल्लाला पालथे ठेवून, बाटलीने किंवा सुईविरहित सिरिंजने थेंबथेंब पाजतात. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजणे ही नेहमीची चूक. पहिले काही आठवडे दर दोन-चार तासांनी पाजावे लागते, रात्रीही. त्यामुळे आई जवळपास असेल तर पिल्लू उचलूच नये; भाटी बऱ्याचदा शिकारीला गेलेली असते आणि परत येते. आठ आठवड्यांपर्यंत तिच्यापाशी राहिलेले पिल्लू खाण्यातही हुशार निघते.

चार आठवड्यांनंतर मऊ, ओले खाद्य सुरू करता येते. तयार खाद्य घेताना पिशवीवरचे चित्र न पाहता मागचा मजकूर वाचावा. ‘किटन’, ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ आणि सोबत ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असे लिहिलेले असावे. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेले मलईदार खाऊचे पाकीट हा तोंडी लावण्याचा प्रकार आहे. अमेरिकी मानकानुसार वाढत्या पिल्लाच्या खाद्यात, पाणी वगळून मोजल्यास, किमान 30 टक्के प्रथिने आणि 9 टक्के स्निग्धांश असावेत. प्रौढ मांजरासाठी प्रथिनांचा आकडा 26 आहे. कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडते म्हणून मांजराला घालणारे पुष्कळ आहेत, पण त्यात टॉरिनची हमी नसते. दुकानात उघड्या पोत्यातून सुटे तोलून मिळणारे कोरडे खाद्यही टाळलेले बरे. त्याची तारीख कळत नाही आणि उन्हाळ्यात त्यातली चरबी खवट होते.

प्रमाणाबाबत फसगत होते. एक किलो वजनाच्या, अडीच-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी लागतात. कोरड्या खाद्यात ते 50 ग्रॅमच्या आसपास भरते. ओल्या खाद्याच्या 80-85 ग्रॅमच्या पाकिटात सत्तरेक किलोकॅलरी असतात, म्हणजे केवळ त्यावर ठेवायचे तर तीनच्या आसपास पाकिटे लागतील. एका पाकिटावर दिवस काढणारे पिल्लू अर्धपोटी राहते. चार महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा, अशी विभागणी करतात. वर्षभरानंतर मोठ्या मांजराच्या खाद्याकडे वळावे.

घरी शिजवायचे तर कोंबडीचे मांस बिनमिठाचे उकडावे. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून उकडलेले पाणी फेकू नये, त्यातच मांस कुस्करावे. कोंबडीचे हृदय त्या दृष्टीने उत्तम. यकृत आठवड्यातून थोडेसेच, नाहीतर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. शिजलेले हाड कुसासारखे फुटते, ते देऊ नये. आणि नुसत्या मांसावर महिनोन्‌महिने ठेवलेल्या पिल्लाची हाडे कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात, याचा विसर पडतो. घरचे अन्न कायमचे ठेवायचे असेल तर पूरक मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. तालुक्याच्या दवाखान्यात गर्दी गायी-म्हशींची असते, तरीही विचारावे. कच्ची कोंबडी देऊ नये. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींत आढळला आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला. या विषाणूची लागण मांजरांनाही होते.

नदीकाठी आणि उकाई धरणाच्या फुगवट्याकडे मासे सहज मिळतात. ते शिजवून, काटे काढून अधूनमधून चालतात. कच्च्या माशांपैकी काहींत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. बाजारातली सुकट खारट असल्याने पिल्लाला नकोच.

सगळ्यात मोठा धोका मात्र रविवारच्या उरलेल्या रश्शात असतो. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात; शिजवून, वाळवून वा भाजूनही ते विष जात नाही. खान्देशी काळ्या मसाल्याचे वाटण भाजलेल्या कांद्याशिवाय होत नाही आणि भरताला लसूण व कांद्याची पात लागतेच. ‘नुसता मसाला धुऊन तुकडा दिला’ म्हणण्यात अर्थ नाही, वाटण मांसात मुरलेले असते.

माळकरी किंवा जैन घरात पिल्लू आले की पेच पडतो. दूध-भात, पनीर आणि तूप-पोळीवर मांजर वाढवणे शक्य नाही, हे आणण्याआधीच मान्य करावे. स्वयंपाकघरात मांस शिजवायचे नसलेल्या घरांना बंद पाकिटातले खाद्य ही व्यवहारी वाट आहे: वेगळी वाटी, वेगळा चमचा, जागा ओट्यावर नसून अंगणात किंवा गॅलरीत. तेही चालणार नसेल तर पिल्लू दुसऱ्या घरी द्यावे.

नवे घर आणि नवे अन्न एकदम देऊ नये. आधीच्या ठिकाणी जे खात होते तेच पहिले दोन-तीन दिवस चालू ठेवून मग आठवडाभरात नव्याचे प्रमाण चतुर्थांश, निम्मे, पाऊण असे वाढवतात. खाऊनही अंग झडलेले आणि पोट नगाऱ्यासारखे असेल तर दोष अन्नाचा नसून जंतांचा असण्याची शक्यता अधिक, कारण गोलजंत आईच्या दुधातूनच येतात. चोवीस तास काहीच न खाणारे पिल्लू दवाखान्यात न्यावे, लहान असेल तर त्याआधीच.

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. दुपारी पिल्लू कमी खाते, त्यात वावगे काही नाही. मोठे जेवण पहाटे आणि दिवेलागणीनंतर ठेवावे. ओले खाद्य तासाभरात उचलावे. फ्रीजमधले काढून दिल्यास ते कोमट झाल्यावरच वास सुटतो आणि पिल्लू तोंड लावते. वाळवंटी पूर्वजांमुळे मांजर तहानेच्या मानाने पाणी कमी पिते, म्हणून कोरड्या खाद्यासोबत ओलेही असावे आणि मातीच्या परळात पाणी खाद्यापासून थोडे दूर ठेवावे. मुंग्यांसाठी जुनाच उपाय चालतो: खाद्याची वाटी पाण्याने भरलेल्या ताटलीत.