पंधरा टाके की सोळा?

नव्याने विणायला बसलेला माणूस पहिल्या मफलरसाठी बहुधा सगळ्यात देखणी वीण धरतो: एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट. पुढची बाजू गुळगुळीत, नेटकी दिसते. पण टाके बंद करून मफलर सुईवरून उतरवला की दोन्ही कडा मागे वळतात आणि त्याची नळी होते. मग सल्ले सुरू होतात. हात घट्ट आहे, लोकर हलकी आहे, इस्त्री फिरव. मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण विणणाऱ्याची यात काहीच चूक नसते. इस्त्रीने कडा काही काळ दबतात एवढंच; ॲक्रिलिक असेल तर धाग्याची उसळीच कायमची मरते.

खरं कारण धाग्याच्या ताठपणात आहे. प्रत्येक टाका म्हणजे वाकवून अडकवलेला धागा, आणि वाकवलेल्या छडीसारखा तोही सरळ व्हायला धडपडतो. सुलट टाक्यात फासा मागून पुढे ओढलेला असतो. त्याच्या दोन तंगड्या पुढे दिसतात, डोकं आणि पाय मागे राहतात. पुढून-मागून तो सारखा नसतो, म्हणून त्याची ओढही एकतर्फी असते. उलट टाका हा निराळा टाका नाहीच. सुलट टाका मागून पाहिला की तोच उलट. त्यामुळे या विणीत शेकडो टाके एकाच बाजूला ओढतात: उभ्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे.

जाड लोकरीत ही ओढ वाढते. भरीव दांड्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा १६ पट होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. धाग्यातले तंतू एकमेकांवरून घसरतात, म्हणून तिथे वाढ ४ ते १६ पटींच्या मध्ये कुठेतरी पडते. फासाही दुप्पट मोठा झाला, तर वक्रता निम्मी होते. तरीही एकेका टाक्याची ओढ २ ते ८ पट उरतेच.

उपाय म्हणजे शेजाऱ्यांना एकमेकांविरुद्ध ओढायला लावणं. ८ मिमीच्या सुयांवर १५ टाके घाला. प्रत्येक ओळीत एक सुलट, एक उलट. सुरुवात सुलट, शेवटही सुलट. विणकाम फिरवलं की तो शेवटचा सुलट उलट दिसतो आणि त्याच्यावर सुलट येतो. असे उलटावर सुलट, सुलटावर उलट टाके बसत जातात. दाणेदार कापड तयार होतं, दोन्हीकडून सारखं आणि सपाट.

आता १६ टाके घाला आणि तेच विणा. सुलटावर सुलट चढत जाऊन उभ्या पट्ट्या होतात. सुलट पट्ट्या पुढे येतात, उलट मागे दबतात, कापड पंख्यासारखं मिटतं आणि आडवं भरपूर ताणतं. धागा तोच, फरक एका टाक्याचा! २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या एलिझाबेटा मात्सुमोटो यांच्या गटाने अशाच चार विणींचा लवचीकपणा ताणून मोजला आणि गणिताने उलगडून दाखवला.

ऊब मात्र दाण्यांत आणि तंतूंत अडकलेली हवा देते. बर्फाचा खडा मफलरमध्ये गुंडाळा, तो उघड्यावरच्या खड्यापेक्षा उशिरा वितळेल. ‘ऊर्जा देणाऱ्या’ धाग्यांनी सांधे बरे होतात, या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

१५ टाक्यांवर वीतभर विणून झालं की कडेला एक टाका वाढवा आणि तेच एक सुलट, एक उलट चालू ठेवा. काही ओळींतच मफलर तिथून अरुंद होऊ लागेल.