रेगे समफेस्टची पार्श्वभूमी आणि 1993 ची ती चूक

रेगे म्हणजे जमैकातलं संथ ठेक्याचं गाणं, आणि रास्ता म्हणजे जटा राखणाऱ्या तिथल्या धार्मिक पंथाचे लोक. आज जो रेगे समफेस्ट नावाचा फेस्टिव्हल भरतो, त्याची मुळं जून 1978 मध्ये सापडतात. जमैकातलं मॉन्टेगो बे, मैदान जॅरेट पार्क, जिथे एरवी क्रिकेट-फुटबॉल चालायचं, आणि नाव होतं रेगे सनस्प्लॅश. तेव्हा तिथे राजकीय मारामाऱ्या पेटलेल्या, 1976 ला आणीबाणी लागली होती, बाहेरचे लोक यायला बिचकायचे. त्यात उन्हाळा म्हणजे तसाही मंदीचा सीझन, कारण अमेरिका-कॅनडावाले थंडीला कंटाळून साधारण डिसेंबर ते एप्रिल येतात, नंतर हॉटेलं ओस पडतात.

एक गोष्ट पर्यटनाच्या कौतुकात नेहमी राहून जाते म्हणून सांगतो. याच मॉन्टेगो बेजवळ 1963 ला कोरल गार्डन्स प्रकरण झालं, त्यात रास्ता लोकांना धरधरून मारलं, त्यांच्या जटा कापल्या, आणि सरकारने माफी मागितली ती 2017 ला. म्हणजे ज्यांना गावातून हाकलत होते त्यांच्याच गाण्यावर पुढे गावाची हॉटेलं भरायला लागली. हा हिशोब आधी मांडायला हवा, खोल्या किती भरल्या ते नंतर.

1979 ला रेगे जगभर पोचवणारा गायक बॉब मार्ली स्वतः जॅरेट पार्कवर गायला, मे 1981 मध्ये तो गेला आणि त्या वर्षीचा फेस्टिव्हल त्याच्या आठवणीत झाला. 80 च्या दशकात बाहेरून येणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. प्रोग्राम रात्री उशिरा सुरू होऊन ऊन वर येईपर्यंत चालायचा, मग बसायला-आडवं व्हायला खोक्यांचे पुठ्ठे सपाट करून विकायचे, त्याला ‘रेगे बेड’ म्हणायचे. शेजारी जर्क चिकनचा, म्हणजे तिखट मसाला लावून भाजलेल्या कोंबडीचा धूर, उसाचे तुकडे, शहाळी. पैसा खरा लोकांच्या हातात पडायचा तो इथे.

आता 1993. त्या वर्षी सनस्प्लॅश मॉन्टेगो बे सोडून राजधानी किंग्स्टनजवळच्या पोर्टमोरला, जॅमवर्ल्ड नावाच्या मैदानावर गेला. कारणांवर वाद आहेत, पण मला विचाराल तर कारण काहीही असो, निर्णय चुकलाच. पर्यटकांचं मुख्य विमानतळ मॉन्टेगो बेला, बीचवरची हॉटेलं तिथे, रात्रभर नाचून सकाळी थेट समुद्रावर जाता येतं तेही तिथेच. पोर्टमोरला यातलं काय होतं? किंग्स्टनवाल्यांना ते सोयीचं होतं हे मान्य, आणि रेगे जन्मलं किंग्स्टनच्या वस्त्यांतच, त्यामुळे ‘घरी आणलं’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच फोल नाही. पण सुट्टी घेऊन येणारा माणूस मुक्कामाची सोय बघतो. मॉन्टेगो बेने तर वाटही बघितली नाही, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅथरीन हॉलच्या मैदानावर समफेस्ट उभा केला. सनस्प्लॅश पुढे अजून जागा बदलत फिरला आणि 90 चं दशक संपायच्या आत बंद पडला. 2006 ला पुन्हा सुरू करून बघितला, जम बसला नाही.

त्यामुळे समफेस्टचं वय 1993 पासून मोजायचं की 1978 पासून यावर चाहते भांडतात. कागदोपत्री 1993 बरोबर आहे. पण गाव तेच, उन्हाळाही तोच, रात्रभर जागायची रीतही तीच, मग मी तरी 1978 धरतो.

नंतरचं थोडक्यात: समफेस्ट जुलैत स्थिरावला, डान्सहॉलला, म्हणजे रेगेतूनच निघालेल्या वेगवान नाचाच्या संगीताला, वेगळी रात्र मिळाली, परदेशी हिपहॉप-आरअँडबीवाले बोलवायला लागले आणि ‘यात रेगे किती उरलं’ ही तक्रार सुरू झाली. 2016 ला मालकी बदलली, कोरोनात स्टेज ऑनलाइन गेलं, 2022 ला गर्दी परत आली. मधल्या काळात 2018 ला युनेस्कोने रेगेला वारसा यादीत घेतलं. गोव्यातही सनस्प्लॅश नावाने रेगे फेस्टिव्हल होऊ लागला.

पर्यटनाचा फायदा झाला यात वाद नाही, उन्हाळ्यातल्या विमानांना आणि हॉटेलांना गिऱ्हाईक मिळालं. पण आता बरेच पाहुणे ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टला उतरतात, खाणं-पिणं आधीच पॅकेजात भरलेलं असतं, त्यामुळे गेटबाहेर जर्कची भट्टी लावणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं किती येतं ते मोजल्याशिवाय नुसते आकडे मिरवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.